विद्यापीठात स्लॅक किंवा टीम्स आणताना: स्क्रीन रीडर, कॅप्शन, कीबोर्ड आणि आपली लिहिण्याची पद्धत

खटपट्या (धागाकर्ता)

विद्यापीठातला विभागांमधला रोजचा संवाद ईमेलवरून चॅट सॉफ्टवेअरवर न्यायचा, असा विषय आहे. स्लॅक आणि टीम्स हे दोन पर्याय समोर आहेत, मीटिंगसाठी झूमही राहील. कर्मचारी आणि प्राध्यापकांत पूर्ण अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, माउस धरता न येणारे, सततच्या नोटिफिकेशनने लक्ष उडणारे असे सगळे आहेत. तीन गोष्टींवर माहिती हवी आहे: खरेदीआधी विक्रेत्याकडून काय मागायचं, सेटिंग कोणती बदलायची, आणि बाकीच्यांनी मेसेज कसे लिहायचे. 'सर्वांनी संवेदनशील असावे' छापाच्या ओळी आमच्याकडे ढीगभर आहेत. पायऱ्या आणि कारणं सांगा.

निविदाकार

खरेदीपासून सुरू करतो. विक्रेत्याकडे 'तुमचं सॉफ्टवेअर अ‍ॅक्सेसिबल आहे का', म्हणजे दिव्यांगांना वापरता येतं का, असं विचारलं की 'हो' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी एसीआर मागा, म्हणजे कोणते निकष कितपत पाळले याचा अहवाल, भरलेला व्हीपॅट. कोरा नमुना तो व्हीपॅट, भरून दिला की एसीआर. या नमुन्याच्या चार आवृत्त्या असतात. त्यातली 'इंट' नावाची मागा, कारण तिच्यात डब्ल्यूसीएजी (वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष), अमेरिकी सरकारी खरेदीला लागू असलेलं कलम ५०८ आणि युरोपचं मानक ईएन ३०१ ५४९ हे तिन्ही येतात.

हातात आल्यावर पहिल्या पानावर तीन गोष्टी बघा: तारीख, उत्पादनाची आवृत्ती, आणि चाचणी कशी केली. चाचणी कोणत्या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर), कोणत्या ब्राउझरमध्ये केली हे लिहिलेलं नसेल तर तो कागद फारसा उपयोगाचा नाही. मग 'पार्शली सपोर्ट्स' लिहिलेल्या ओळी वाचा. खरी माहिती तिथेच असते. सगळीकडे 'सपोर्ट्स' लिहिलेला एसीआर दिसला तर मी जास्त सावध होतो. इतकी मोठी प्रणाली आणि एकही खोट नाही, हे पटत नाही.

लोक हमखास विसरतात तो मुद्दा: डेस्कटॉप अ‍ॅप, ब्राउझर आणि मोबाइल यांचे एसीआर वेगवेगळे असू शकतात. ईएन ३०१ ५४९ मध्ये वेबसाठी प्रकरण ९, सॉफ्टवेअरसाठी प्रकरण ११ आणि दुतर्फा आवाजी संवादासाठी प्रकरण ६ आहे. कॉलिंगही विकत घेत असाल तर प्रकरण ६ भरलंय का ते बघा. बोलताबोलता अक्षरागणिक मजकूर पोचवणारा आरटीटी त्यातच येतो. तिथे 'लागू नाही' असेल तर का लागू नाही, हे लेखी विचारा.

करारात डब्ल्यूसीएजी २.२, पातळी एए असं स्पष्ट लिहा. ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ला आली, पण जुन्या करारांच्या मसुद्यात अजून २.० फिरतंय आणि ते २००८चं आहे.

कळफलक

निविदाकारांशी सहमत, पण कागदावर थांबू नका. चाचणी स्वतः करा, त्याला पैसे लागत नाहीत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. विंडोजवर टाका, इन्सर्ट + एन दाबून मेनू उघडा आणि टूल्समधून 'स्पीच व्ह्यूअर' चालू करा. एनव्हीडीए जे बोलतो ते सगळं एका खिडकीत लिहून येतं. डोळस माणसाला आवाजाचा वेग झेपत नाही, त्याच्यासाठी हे फार सोयीचं. मग माउस काढून ठेवा आणि ही कामं करा: लॉगिन, एखादं चॅनेल शोधणं, न वाचलेला मेसेज वाचणं, थ्रेडमध्ये (एका मेसेजखालच्या उत्तरांच्या साखळीत) उत्तर देणं, स्वतःचा मेसेज दुरुस्त करणं, फाइल जोडणं, आलेली फाइल उघडणं, मीटिंगमध्ये शिरणं, माइक बंद-चालू करणं, हात वर करणं, मीटिंग सोडणं. यातलं एकही काम अडलं तर ते 'किरकोळ' नाही, कारण हीच कामं दिवसभर करायची असतात.

स्लॅकसाठी विंडोजवरच्या कळा: कंट्रोल + के ने कुठल्याही चॅनेलवर किंवा माणसावर उडी, एफ६ ने पडद्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात, शिफ्ट + एफ६ ने उलट, कंट्रोल + शिफ्ट + टी ने थ्रेडची यादी, कंट्रोल + / ने सगळ्या शॉर्टकटची यादी. मेसेजवर फोकस असताना टी दाबलं की थ्रेड उघडतो, आर ने प्रतिक्रिया, ई ने स्वतःचा मेसेज दुरुस्त. टीम्समध्ये भाग बदलायला कंट्रोल + एफ६ आणि शॉर्टकटच्या यादीला कंट्रोल + पूर्णविराम. मीटिंगमध्ये माइकला कंट्रोल + शिफ्ट + एम, कॅमेऱ्याला कंट्रोल + शिफ्ट + ओ, हात वर करायला कंट्रोल + शिफ्ट + के. झूममध्ये ऑल्ट + ए माइक, ऑल्ट + व्ही कॅमेरा, ऑल्ट + वाय हात.

नव्या माणसाची सर्वात जास्त गाडी अडते ती ब्राउझ मोड (पान वाचत फिरण्याचा) आणि फोकस मोडपाशी (कळा थेट अ‍ॅपला देण्याचा). ही अ‍ॅप आतून वेबपानंच असतात. एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये असला तर टी, आर, ई या कळा स्लॅकपर्यंत पोचतच नाहीत, एनव्हीडीए त्या स्वतः वापरतो. बाण दाबल्यावर पुढच्या मेसेजऐवजी नुसती पुढची ओळ वाचली जात असेल तर इन्सर्ट + स्पेस दाबून मोड बदला. 'स्लॅक चालत नाही' म्हणून तक्रार आली की आधी हे तपासावं.

अजून एक सेटिंग: स्लॅकच्या प्रेफरन्सेसमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी भागात, रिकाम्या चौकटीत वरचा बाण दाबल्यावर काय व्हावं ते ठरवता येतं. शेवटचा मेसेज दुरुस्तीला उघडावा की फोकस मेसेजच्या यादीत जावा. स्क्रीन रीडरवाल्यांनी दुसरा पर्याय घ्यावा, नाहीतर वाचायला म्हणून वर जाता आणि भलताच जुना मेसेज बदलून बसता.

मोरपीस

हे सगळं वापरणाऱ्याच्या बाजूचं झालं. पण खरा त्रास पाठवणाऱ्यांचा असतो. सॉफ्टवेअर कितीही चांगलं घ्या, कार्यालयाने परिपत्रकाचा फोटो काढून चॅनेलवर टाकला की संपलं. स्क्रीन रीडर म्हणणार 'इमेज' आणि पुढे फाइलचं नाव, म्हणजे आयएमजी आणि आकड्यांची माळ.

माझ्या मते नियमावलीत पहिला नियम हा: सूचनेचा मजकूर मेसेजमध्येच टंकायचा. फोटो, पोस्टर, पीडीएफ जोडा की, पण तारीख, वेळ, जागा, कोणासाठी आणि शेवटची मुदत मेसेजमध्ये हवी. स्लॅकमध्ये चित्राला वर्णन देता येतं: चित्रावरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत फाइलचे तपशील उघडा आणि वर्णनाच्या रकान्यात लिहा. 'परिपत्रक' एवढं लिहून मोकळं होऊ नका. त्यात काय आहे ते लिहा.

पीडीएफबद्दल: वर्डमध्ये शीर्षकांना हेडिंग स्टाइल लावा, रिव्ह्यू टॅबमधलं 'चेक अ‍ॅक्सेसिबिलिटी' चालवा आणि मग 'सेव्ह अ‍ॅज' करून पीडीएफ काढा. 'प्रिंट टू पीडीएफ' वापरलंत तर टॅग, म्हणजे शीर्षक कुठलं, तक्ता कुठला हे सांगणाऱ्या आतल्या खुणा, गळून पडतात आणि शीर्षकं, तक्ते सगळं एका रांगेत सपाट होतं. सहीसाठी छापून परत स्कॅन केलं तर उरतो नुसता फोटो. सही हवीच असेल तर स्कॅन प्रत आणि मूळ फाइल दोन्ही जोडा.

दुसरा नियम, जो कुठेच लिहिलेला दिसत नाही: वेळ किंवा जागा बदलली तर जुना मेसेज दुरुस्त करू नका, नवा टाका. दुरुस्तीची नोटिफिकेशन जात नाही. डोळस माणूस वर-खाली करताना 'एडिटेड' बघतो. ज्याने तो मेसेज एकदा ऐकला तो परत तिथे कशाला जाईल? तो जुन्याच वेळेला येणार.

अनवट

मोरपीस, अनुमोदन. त्यात भर: ठळक दिसावं म्हणून काही जण वेबसाइटवरून 'फॅन्सी फॉन्ट' तयार करून चिकटवतात. तो फॉन्ट नसतो, ती युनिकोडमधली गणिती चिन्हं असतात. स्क्रीन रीडर एकतर प्रत्येक अक्षराला 'मॅथेमॅटिकल बोल्ड कॅपिटल' असं म्हणत बसतो किंवा सरळ गाळतो. ठळक करायला अ‍ॅपमधलंच बटण वापरा.

इमोजी वाक्याच्या शेवटी, एखादा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बुलेट म्हणून इमोजी लावले तर प्रत्येक ओळीआधी त्याचं पूर्ण नाव ऐकावं लागतं. ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर बोटांना ब्रेलमध्ये देणारं उपकरण) वापरणाऱ्याला तर फारच जड: ४० खणांच्या डिस्प्लेवर पाठवणाऱ्याचं नाव, वेळ आणि दोन इमोजींची नावं एवढ्यातच ओळ भरते. विभागाने स्वतः बनवलेल्या इमोजींना नाव देताना 'पार्टी२बी' असलं काही देऊ नका, ऐकून कळेल असं द्या, कारण वाचलं जातं ते नावच.

निळी_शाई

थोडा विरोध नोंदवते. इमोजी प्रतिक्रियांवर बंदी घालण्याकडे चर्चा जाऊ नये. एका सूचनेखाली ४० जणांनी 'ठीक', 'मिळाले', 'धन्यवाद' लिहिलं तर स्क्रीन रीडरवाल्याचा जास्त वेळ जातो. बरोबरची एक खूण बरी. लक्ष विचलित होणाऱ्यांनाही ते बरं, कारण प्रत्येक 'ठीक'ची नोटिफिकेशन येत नाही.

अनवट

बंदी मी म्हटलेलीच नाही. पोच म्हणून प्रतिक्रिया चालेल. मतदान म्हणून नको. 'सोमवार असेल तर अंगठा, मंगळवार असेल तर हृदय' यात कोणी किती दिले ते ऐकून मोजणं म्हणजे छळ आहे. तिथे साधा फॉर्म द्या, रेडिओ बटणांचा. पर्याय ओढून क्रम लावायचा प्रकार मात्र नको. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये त्यासाठी वेगळा निकष आहे, २.५.७: ओढण्याला एका टिचकीचा पर्याय हवा.

शांतता_राखा

नोटिफिकेशनचा विषय निघालाच आहे तर: 'अ‍ॅट चॅनेल' (चॅनेलमधल्या सगळ्यांना एकदम नोटिफिकेशन पाठवणारी खूण) कोण वापरू शकतो हे अ‍ॅडमिनने मर्यादित करावं. मोठ्या चॅनेलवर फक्त कार्यालयाला. बाकीच्यांनी माणसाचं नाव घेऊन बोलावं. रात्री सुचलं तर लिहा, पण 'शेड्यूल सेंड'ने सकाळी जाऊ द्या. हलणारी चित्रं ज्यांना त्रास देतात त्यांनी स्लॅकच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी भागात अ‍ॅनिमेशन बंद करावं. आणि एखाद्याच चॅनेलमध्ये चित्रांचा मारा होत असेल तर तिथे स्लॅश कोलॅप्स असा आदेश टंकला की त्या चॅनेलमधली चित्रं मिटतात, स्लॅश एक्स्पांडने परत उघडतात.

टीम्समध्ये लांब मेसेज वाचणं जड जात असेल तर मेसेजच्या मेनूत 'इमर्सिव्ह रीडर' आहे. अक्षर मोठं, ओळींत अंतर, मोठ्याने वाचन, सगळं एका जागी.

कवडसा

अल्पदृष्टीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून. पडदा ४ पट मोठा केला की एका वेळी त्याचा सोळावा भाग दिसतो. नोटिफिकेशन खाली उजव्या कोपऱ्यात येते आणि बघण्याआधी निघून जाते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स इथे नोटिफिकेशन किती वेळ राहावी ते ठरवता येतं. मूळ ५ सेकंद असतं, ते ५ मिनिटांपर्यंत वाढतं. टीम्सच्या नोटिफिकेशन त्याची स्वतःची चौकट वापरतात की विंडोजची, हे टीम्सच्या सेटिंगमध्ये निवडता येतं. विंडोजची निवडा, तरच हे वाढवलेलं सेटिंग लागू होईल.

मेसेजवर माउस नेल्यावरच उगवणारी बटणपट्टी हा दुसरा ताप. मोठ्या केलेल्या पडद्यावर ती दृष्टीच्या बाहेर उगवते, हात थरथरत असेल तर हातातून निसटते, आणि आवाजी आदेश वापरणाऱ्याला तर ती आहे हेच कळत नाही. उपाय म्हणजे मेसेजवर कीबोर्डने जाणं आणि वर दिलेल्या कळा. विंडोजच्या व्हॉइस अ‍ॅक्सेसमध्ये 'शो नंबर्स' म्हटलं की दिसणाऱ्या प्रत्येक बटणावर आकडा येतो. बटणाचं नाव माहीत नसलं तरी आकडा बोलून ते दाबता येतं.

रंग: विद्यापीठाच्या बोधचिन्हाचे रंग साइडबारला सक्तीने लावू नका. साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराला ३ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्यावर राखाडी चालवायचा तर हॅश ७६७६७६ या कोडचा रंग ही जवळजवळ शेवटची पायरी, त्याहून फिका गेला की निकष मोडला.

दुभाषी_खिडकी

मीटिंगचं मी लिहिते. आपोआप येणारी कॅप्शन आणि माणसाने टंकलेली कॅप्शन यात गल्लत करू नका. पहिली रोजच्या बैठकीला ठीक. विद्या परिषद, मुलाखती, चौकशी, शोधप्रबंधाची तोंडी परीक्षा, इथे कर्णबधिर व्यक्तीने मागितल्यास कार्ट, म्हणजे प्रशिक्षित टंकलेखक. टीम्समध्ये आयोजकाने मीटिंग ऑप्शन्समध्ये कार्ट कॅप्शन चालू केलं की एक लिंक मिळते, ती टंकलेखकाला द्यायची. झूममध्ये होस्टने एपीआय टोकन (टंकलेखकाचं सॉफ्टवेअर मीटिंगशी जोडणारा कोड) कॉपी करून द्यायचं. टोकन मीटिंग सुरू झाल्यावरच मिळतं, म्हणून १०-१५ मिनिटं आधी सुरू करा. विषयातल्या संज्ञा आणि उपस्थितांची नावं टंकलेखकाला आदल्या दिवशी पाठवा.

आपोआप कॅप्शन बिघडतात त्याची कारणं बहुधा दोनच. एक, टीम्समध्ये बोलण्याची भाषा चुकीची निवडलेली असते. ती निवड सगळ्या मीटिंगला लागू होते, एकाने बदलली की सगळ्यांची बदलते, म्हणून ती आयोजकाकडेच ठेवा. दोन, खोलीत बाराजण आणि टेबलावर एक माइक. लांबचा माणूस कॅप्शनमध्ये येतच नाही आणि आला तर दुसऱ्याच्या वाक्यात मिसळतो. एका वेळी एकानेच बोलायचं आणि बोलण्याआधी नाव सांगायचं. याचा अंध व्यक्तीलाही तितकाच उपयोग.

टीम्सची लाइव्ह कॅप्शन जपून ठेवली जात नाहीत. नंतर वाचायला हवं असेल तर ट्रान्स्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं आणि त्याची परवानगी अ‍ॅडमिनच्या धोरणात असावी लागते. बैठक सुरू झाल्यावर हे लक्षात आलं तर उपयोग नाही.

सांकेतिक भाषेचे दुभाषी असतील तर झूममध्ये 'पिन' आणि 'स्पॉटलाइट' यातला फरक बघा. पिन फक्त तुमच्या पडद्यावर. क्लाउड रेकॉर्डिंगमध्ये दुभाषी हवा असेल तर स्पॉटलाइट. तासाभराच्या बैठकीला दोन दुभाषी लागतात, साधारण १५ ते २० मिनिटांनी ते आलटून पालटून काम करतात, आणि प्रत्येक बदलाला स्पॉटलाइट हलवायला एक माणूस नेमावा लागतो. तो माणूस सूत्रसंचालक नको, त्याचं लक्ष राहत नाही.

कळफलक

यातच एक: शेअर केलेला पडदा हे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने चित्र आहे. 'इथे बघा, हा आकडा' याला काही अर्थ उरत नाही. फाइल आधी पाठवा. टीम्समध्ये सादरीकरण 'पॉवरपॉइंट लाइव्ह'ने दाखवलं तर स्क्रीन रीडरवाला स्वतः स्लाइड वाचू शकतो. आणि बैठक चालू असताना चॅटमध्ये गप्पा नकोत. स्क्रीन रीडर चॅट वाचतो तो बोलणाऱ्याच्या आवाजावरच. महत्त्वाचं असेल ते एकाने मोठ्याने वाचून दाखवावं.

खटपट्या

भरपूर मिळालं, वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. आमचे बॉट आहेत, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारे प्रोग्राम, सर्व्हर बंद, हजेरी, रजेची मंजुरी वगैरे. त्यांना काही करावं लागतं का? आणि मराठीतले मेसेज एनव्हीडीए नीट वाचत नाही, हा अ‍ॅपचा दोष का?

अनवट

बॉटचं नक्कीच बघा. स्लॅकला मेसेज पाठवताना ब्लॉक (मेसेजची मांडणी करणारे तुकडे) वापरले तरी वरचं 'टेक्स्ट' हे फील्ड रिकामं ठेवू नका. नोटिफिकेशनमध्ये तेच जातं आणि स्क्रीन रीडरही तेच वाचतो, आतले ब्लॉक नाही. कितीतरी बॉटमध्ये तिथे 'नवा मेसेज' एवढंच असतं. रजेच्या बॉटने तिथे 'रजा मंजूर, १२ ते १४, अर्ज क्रमांक अमुक' हे पूर्ण वाक्य घालावं. चित्राच्या ब्लॉकला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं वर्णन, तर सक्तीचंच आहे, पण लोक तिथे एक टिंब टाकून सुटतात. टीम्सच्या अ‍ॅडॅप्टिव्ह कार्डमध्ये प्रत्येक इनपुटला 'लेबल' द्या, नुसता प्लेसहोल्डर (चौकटीतली फिकी सूचना) नको. सर्व्हरची स्थिती हिरव्या-लाल पट्टीने दाखवत असाल तर 'बंद', 'चालू' हे शब्दही लिहा.

शुद्धलेखनिक

मराठीचं मी सांगतो. स्क्रीन रीडर आवाज बदलतो तो पानात भाषेची खूण असेल तर. चॅटमधल्या एकेका मेसेजला अशी खूण नसते, म्हणून इंग्रजी आवाजच देवनागरीवर चालवला जातो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आहे. उच्चार यांत्रिक आहेत, पण कळतं. सगळीकडे मराठी आवाज नको असेल तर चॅट अ‍ॅप समोर ठेवून इन्सर्ट + कंट्रोल + पी दाबा, 'न्यू' करून प्रोफाइल 'करंट अ‍ॅप्लिकेशन'साठी बनवा आणि त्यात आवाज मराठी ठेवा. त्या अ‍ॅपमध्ये गेलं की आवाज आपोआप बदलतो, बाहेर आलं की परत इंग्रजी. विरामचिन्हांची पातळी इन्सर्ट + पी ने कमी करून त्याच प्रोफाइलमध्ये ठेवता येते.

मात्र जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइलमधून मजकूर उचलून चिकटवला तर काहीच करता येत नाही. डोळ्यांना मराठी दिसत होतं ते आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच उपाय. आणि रोमन लिपीतलं मराठी इंग्रजी आवाजात ऐकून बघा एकदा, मग कोणाला देवनागरीचा आग्रह करावा लागणार नाही.

निविदाकार

लॉगिन राहिलं. दुहेरी पडताळणीत पडद्यावरचा आकडा फोनमध्ये टंकायचा प्रकार असेल तर अंध व्यक्तीला दोन उपकरणांवर दोन स्क्रीन रीडर सांभाळत मुदत गाठावी लागते. पर्याय म्हणून यूएसबी सुरक्षा चावी किंवा पासकी (पासवर्डऐवजी उपकरणातच साठवलेली चावी) मिळालीच पाहिजे, आणि कोडच्या चौकटीत पेस्ट करणं अडवू नये. डब्ल्यूसीएजीचा निकष ३.३.८ बघा.

निळी_शाई

दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी सूचनांचं वेगळं चॅनेल काढायचं, असा प्रस्ताव कुठेतरी येतोच. तो मान्य करू नका. त्या चॅनेलवर सूचना दोन दिवस उशिरा येतात, आणि सदस्यांची यादी उघडली की कोणाला काय अडचण आहे ते सगळ्या विद्यापीठाला कळतं. तक्रारींसाठी मात्र चॅनेल हवं, आणि खाजगी अर्जाचा पर्यायही.

कळफलक

तक्रारीचा साचा ठरवून द्या: अ‍ॅपची आवृत्ती, विंडोज की मॅक, स्क्रीन रीडर आणि त्याची आवृत्ती, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय ऐकू यायला हवं होतं, काय ऐकू आलं. स्पीच व्ह्यूअरमधला मजकूर तसाच चिकटवा. 'वाचत नाही' एवढ्यावर विक्रेता काहीही करत नाही.

ही अ‍ॅप आपोआप अद्ययावत होतात, त्यामुळे काल चालणारी कळ आज चालेनाशी होऊ शकते. म्हणून ब्राउझरमधली आवृत्ती लॉगिन करून, बुकमार्क करून तयार ठेवायला सांगा. डेस्कटॉप अ‍ॅप बिघडलं की दुरुस्ती येईपर्यंत तिथे काम चालतं. ब्राउझरमध्ये काही शॉर्टकट मात्र ब्राउझरच खातो: कंट्रोल + शिफ्ट + टी ने थ्रेडची यादी न येता शेवटची बंद केलेली टॅब उघडते. तिथे कंट्रोल + के दाबून थ्रेड्स असं टंका, एंटर करा.